भाव पाडायचा नाही

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा फ्लॅट बघायला लोक येणार असले की पाण्याचा टँकर कोपऱ्यावरच थांबवतात. असा नियम कुठे लिहिलेला नाही. सेक्रेटरी सकाळी ग्रुपवर नुसतं एक फूल टाकतात. मग वॉचमन टँकरवाल्याला फोन करतो, 'अण्णा, स्वल्प वेट माडी', म्हणजे जरा थांबा, वास मारणाऱ्या तळ्याकडच्या खिडक्या पटापट बंद होतात, आणि ज्यांच्याकडे रिकाम्या फ्लॅटच्या किल्ल्या आहेत ते जाऊन तिथले दिवे लावून येतात. बंगळूरच्या बेळ्ळंदूरमध्ये राहणं सोपं नाही, पण ते सोपं दाखवण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

त्या रविवारचं फूल आमच्यासाठी होतं.

आम्हाला फ्लॅट विकायचा होता, कारण तो आम्हाला झेपेनासा झाला होता. बाबा सरकारी संशोधन संस्थेतली नोकरी सोडून स्टार्टअपमध्ये गेले तेव्हा सगळंच वर चाललं होतं. पगार वर, कंपनीचे शेअर वर, फ्लॅटचे भाव तर आज बघा आणि उद्या बघा. त्या जोरावर हा फ्लॅट घेतला. शेअर कागदावर होते, आणि कंपनी बंद पडली तेव्हा ते कागदावरच राहिले. नव्या नोकरीत बाबांचा पगार पहिल्यापेक्षा कमी आहे. बाकी काहीच कमी झालेलं नाही. टँकर, मेंटेनन्स, माझी स्कूल बस, इडलीचं पीठ, सगळं वाढतंय. आई म्हणते, आपण जे विकत घ्यायला जातो ते महाग आणि जे विकायला जातो ते स्वस्त, हे काय गौडबंगाल आहे ते मला एकदा कुणीतरी समजावून सांगा.

मी समजावून सांगू शकत होते! नुकतीच आंतरशालेय डिबेट जिंकले होते मी. त्याआधी पाहुणे आले की मी आईच्या मागे लपायचे. आता मला माझा आवाज सापडला होता आणि तो ठेवायला तीन बेडरूमसुद्धा पुरत नव्हत्या. विषय होता, महागाई जास्त वाईट की किमती उतरणं. मी उतरण्याच्या विरुद्ध बोलले. म्हटलं, उद्या स्वस्त मिळणार असेल तर आज कोण घेईल? सगळे थांबतात, आणि सगळे थांबले म्हणून भाव आणखी पडतो. हॉलभर टाळ्या. तेव्हाचे सेक्रेटरी उपेंद्रकाका, त्यांनी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, आपल्या बिल्डिंगची मुलगी.

जयनगरला आम्ही भाड्याचं घर बघून ठेवलं होतं. दोनच खोल्या, पण दारात बदामाचं झाड आणि शाळा चालत पाच मिनिटांवर. रिंग रोडवर बसमध्ये अडकून मी रोज किती वेळ घालवते ते मला माहीत, त्यामुळे खिडकीखालचा कोपरा मी मनात माझ्या नावावर करून टाकला होता. मालकीण महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाली होती.

तर रविवारी विराज आणि भूमिका आले. भूमिकाच्या घरचे कितीतरी पिढ्यांपूर्वी बंगळुरात आलेले मराठी लोक, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मं कन्नड. 'किचन स्वल्प लहान हाय, पर्वागिल्ला, चालंल,' असं म्हणत ती कपाटं उघडून बघत होती. घर दाखवायचं काम आईने माझ्यावर सोपवलं होतं, आणि मी काय दाखवलं म्हणता! सकाळचं ऊन कुठून येतं, पावसाळ्यात कपडे कुठे वाळतात, सगळं. बाल्कनीत मात्र भूमिका माझ्या जवळ आली आणि कन्नडमध्ये छोट्या मुलीला म्हणतात तसं मला पुट्टी म्हणत हळूच म्हणाली, "खरं सांग पुट्टी, नळाला पाणी येतं का?"

कोपऱ्यावरचा टँकर मला तिथून दिसत होता. तिलाही दिसत होता. डिबेटमध्ये समोर दिसणारी गोष्ट नाकारली की मार्क जातात.

"नाही," मी म्हटलं. "टँकरच येतो. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा."

ती हसली. जाताना विराजने बाबांना बिल्डिंगमध्ये ठरलेल्या भावापेक्षा पंधरा लाख कमी सांगितले आणि रात्रीपर्यंत कळवा म्हणाला. दार लागल्यावर बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला. बँकेचं कर्ज फिटत होतं, जयनगरचं डिपॉझिट भरता येत होतं, आणि मग हातात काही उरत नव्हतं. आई म्हणाली, "काही न उरलं तरी चालेल, पण सुटू. हो म्हणा."

बाबा हो म्हणणारच होते. पण आमच्याकडे आधी सेक्रेटरींच्या कानावर घालायची पद्धत आहे, आणि बाबा पद्धत मोडणारे नाहीत.

उपेंद्रकाका संध्याकाळी आले. रागावले वगैरे अजिबात नाहीत. आईच्या कॉफीचं कौतुक केलं, मग सांगायला लागले, की एकदा रजिस्ट्रेशनला कमी आकडा लागला की तोच सगळ्यांचा भाव होतो, बँकाही तोच धरतात. तिसऱ्या मजल्यावरच्या कौशल्याकाकूंना धारवाडला मुलीकडे जायचंय, त्यांचेही पंधरा लाख गेले म्हणून समजा. थोडेच महिने दम धरा, मेट्रो सुरू झाली की भाव उसळेल. आणि मग ते माझ्याकडे वळले.

"इराच म्हणाली ना स्टेजवर? एकाने भाव पाडला की सगळे बुडतात."

मी अगदी तसं म्हणाले नव्हते. पण कुणीतरी माझं वाक्य लक्षात ठेवलं होतं, आणि मोठ्या माणसांच्या बोलण्यात ते चक्क वापरलं जात होतं!

"काय गं," बाबा म्हणाले, "बरोबर आहे का?"

"थिअरी बरोबर आहे," मी म्हटलं.

आई कप उचलून आत गेली. पाणी जपून वापरा म्हणून आम्हाला ओरडणारी आई, पण त्या दिवशी नळ खूप वेळ चालू होता. बाबांनी विराजला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

महिना संपला आणि जयनगरचं घर दुसऱ्या कुणी घेतलं. त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी बसमधून उतरले तर गेटपाशी सामानाचा टेम्पो. उपेंद्रकाकांचा सोफा चालला होता. आणि शेजारी, हातात नव्या घराची किल्ली घेऊन, भूमिका उभी! मला बघून तिला आनंदच झाला. म्हणाली, तुझ्या बाबांनी नको म्हटलं त्याच रात्री तुमच्या सेक्रेटरींचा फोन आला. "तू पाण्याचं खरं सांगितलंस ते लई बरं केलंस पुट्टी. ते बोलून आणखी दहा कमी करून घेतले आम्ही."

लिफ्टपाशी बाबा आणि उपेंद्रकाका समोरासमोर आले. काका सोफ्याकडेच बघत होते. "मुलाची तिकडची फी होती, मकरंद," ते म्हणाले. "डॉलर कुठे गेलाय बघतोस ना." बाबांनी मान हलवली आणि त्यांच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं.

आता त्या भावाने विकलं तर फ्लॅट देऊन वर बँकेलाच पैसे भरावे लागतील. आईने हे एकदाच विचारून घेतलं आणि जयनगरचं नाव काढणं सोडून दिलं. मी बसमध्ये खिडकीपाशी बसून त्याच टेक पार्कच्या त्याच काचा बघत शाळेत जाते. त्याच सुमारास ग्रुपवर नव्या सेक्रेटरीचा विषय निघाला, आणि कुणीतरी लिहिलं की मकरंदजींनी बिल्डिंगसाठी हातातला सौदा सोडला. बाबा दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा हो म्हणाले. आता रविवारचं फूल तेच टाकतात.

परवा एजंटने बाबांना सांगितलं, कौशल्याकाकूंना गिऱ्हाईक आलंय, भाव पुन्हा खालचाच, आणि काकू आज रात्री हो म्हणणार आहेत. बाबांनी ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट घातला.

"जाऊ द्या हो त्यांना," आई आतून म्हणाली.

"त्या गेल्या तर आपण कधीच जाणार नाही," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "इरा, चल बरोबर. तुझं बोलणं लोकांना पटतं."

काकूंनी दार उघडलं. हॉलमध्ये खोकी होती. स्टीलचे डबे पेपरात गुंडाळायचं काम चाललं होतं आणि एक डबा त्यांच्या हातातच होता. मला बघून त्या खुलल्या. "या या भाषणवाल्या," म्हणाल्या, "तुझा तो व्हिडिओ मी धारवाडला लेकीलापण पाठवला." बाबा खुर्चीच्या कडेवर बसले. टँकरचं, मेंटेनन्सचं थोडं बोलले, आणि मग माझ्याकडे बघायला लागले.

माझा आवाज तयारच होता.

"काकू, उद्या स्वस्त मिळणार असेल तर आज कोण घेईल?" मी म्हटलं, आणि पुढचं सगळं म्हटलं, अगदी स्टेजवर म्हटलं होतं तसं, कुठेही न अडखळता.

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. टाळ्या वाजवायला तिथे कुणी नव्हतं. त्यांनी हातातल्या डब्याचा पेपर सोडवला, त्याची नीट घडी घातली, आणि डबा परत फळीवर ठेवून दिला.