बाळंतिणीची तहान

रंजनाबाईला मुलगा झाला तेव्हा चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. ब्राह्मणपुरीच्या शिवारात दुपारी चिटपाखरू दिसत नव्हतं, आणि घरात बाळंतिणीच्या खाटेखाली गोवऱ्यांची शेगडी धगधगत होती. खिडकीला गोणपाट ठोकलेलं, दाराला जाड गोधडी टांगलेली. बाहेरून आत येणाऱ्याचा जीव घुसमटायचा. रंजनाबाई त्या धगीत डोक्याला फडकं बांधून पडलेली असायची.

सासू दगूबाई सगळं जातीने बघत होती. ती काही खाष्ट सासू नव्हती. सुनेची कूस उशिरा उजवली होती, म्हणून बाळंतपणात तिने हात आखडता घेतला नाही. तुपात तळलेला डिंक, सुंठ, गूळ, खोबरं, सगळं ती स्वतःच्या हाताने भरवत होती. फक्त पाणी देत नव्हती. पाचवी पुजेपर्यंत बाळंतिणीच्या पोटात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, हा त्या घरचा रिवाज आणि सुईण धनुबाईचा हुकूम.

"आंग कच्चं शे तिन्हं," धनुबाई म्हणायची. "पानी पोटमा गयं का पोट फुगस, ताप चढस. मंग बाई हातनी जास."

दगूबाईला हे पटवून द्यायची गरज नव्हती. तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तिची थोरली जाऊ कमलीबाई बाळंतपणात चोरून तांब्याभर पाणी प्याली आणि दिवस मावळायच्या आत गेली. ती आधीपासून तापाने फणफणत होती, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तांब्या मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला. म्हणून आता दगूबाईने पाण्याचे हंडे पडवीत हलवले होते आणि स्वतःची पथारी बाळंतिणीच्या दाराशी घातली होती.

पहिल्यांदा रंजनाबाईने लाडीगोडीने मागितलं. "माय, एक घोट दे ना वं."

"पाचवी व्हवू दे बेटा. मंग हंडाभर पी."

दुसऱ्या दिवशी ती रडली. रडताना डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही दगूबाईला दिसलं. त्यानंतर ती रडली तेव्हा नुसता चेहरा वेडावाकडा झाला, डोळे कोरडेच राहिले. दगूबाईने ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसायला घेतलं, तर पोरीने फडक्याचं टोक दातांत पकडलं आणि चोखायला लागली. दगूबाईने ते ओढून काढलं. काढताना तिला जोर लावावा लागला. दातांखाली फाटलेल्या कापडाचा आवाज तिच्या कानांत बराच वेळ राहिला.

दगूबाईचा मुलगा, रंजनाबाईचा नवरा चुडामण घरी नव्हता. मिरचीच्या गाड्या घेऊन तो तापी ओलांडून नंदुरबारच्या बाजाराला गेला होता, आणि भाव येईपर्यंत परतणार नव्हता. तो असता तरी बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय चालणार होतं?

चौथ्या दिवशी सकाळी दगूबाई सुनेला धरून न्हाणीत घेऊन गेली. रंजनाबाई बराच वेळ बसली. झालं ते चार थेंब, चिंचेच्या कोळासारखं लालसर. उठताना तिचे पाय लटपटले आणि ती सासूच्या अंगावर कलंडली. इतक्या धगीत तिच्या अंगाला घाम नव्हता. कातडी तापलेल्या तव्यासारखी कोरडी लागत होती. दगूबाईने दंड धरला होता तिथली कातडी चिमटीत गोळा झाली आणि सोडल्यावरही तशीच उभी राहिली.

खाटेवर निजवल्यावर रंजनाबाई बडबडायला लागली. माहेरच्या विहिरीचं काहीतरी बोलत होती, कुणाला तरी दोर सोड म्हणत होती. जीभ टाळ्याला चिकटत असल्यामुळे शब्द अर्धेच बाहेर येत होते.

"ताप डोकामा चढना," धनुबाई म्हणाली. "शेगडीमा आनखी गोवऱ्या घाल."

दगूबाईने गोवऱ्या उचलल्या. तेवढ्यात पाळण्यातलं मूल रडलं, म्हणजे रडायला गेलं. मांजरीच्या पिलासारखा बारीक आवाज निघाला आणि बंद पडला. तिने गोवऱ्या खाली ठेवल्या, मुलाला घेतलं. लंगोट कोरडा होता. काल संध्याकाळी तिनेच बांधलेला लंगोट. तिने मुलाला आईच्या अंगाशी लावलं. त्याने दोनदा ओढलं आणि तोंड सोडून दिलं. दगूबाईने स्तन दाबून पाहिला. काहीच आलं नाही.

मग तिचा हात मुलाच्या डोक्यावर गेला आणि तिथेच थांबला. टाळू खाली गेली होती. बोटाचं पेर बसेल एवढा खळगा पडला होता. टाळू अशी बसलेलं मूल दगूबाईने आयुष्यात एकच पाहिलं होतं, आणि ते वाचलं नव्हतं.

ती मूल घेऊन तशीच बसून राहिली. गोठ्यात गाय व्याली की आपण सगळ्यात आधी काय करतो, हे तिला आठवलं. कोमट पाण्याची घमेली तिच्यापुढे ठेवतो, ती एका दमात संपवते, आणि मग कास भरते. पाणी तोडलेल्या गाईला दूध आलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. बाईचं दूध मग कशाचं होत असेल? आणि तुपाने, गुळाने, सुंठीने पोरीच्या आत कोणती आग लावून ठेवलीय आपण?

ती उठली, पडवीतून तांब्या भरून घेऊन आली. धनुबाई दारात आडवी झाली.

"काय करी ऱ्हायनी तू? कमली इसरी गयी का?"

"नही इसरनी," दगूबाई म्हणाली. "बाजूले व्हय."

तिने सुनेची मान उचलून तांब्या ओठांना लावला. रंजनाबाईने तो दोन्ही हातांनी धरला आणि श्वास न घेता गटागटा प्याली. तांब्या रिकामा झाला. क्षणभर तिच्या डोळ्यांत ओळख आली. मग तिचं सगळं अंग आकसलं आणि प्यालेलं सगळं पाणी उलटून गोधडीवर पडलं. ती मागे कोसळली. डोळे वर गेले.

"मारी टाकी!" धनुबाई ओरडली. "तून्हा हातनी मारी टाकी वहूले! आते माले आंग धोवाले बी बलावू नको." ती तशीच चप्पल न घालता उन्हात निघून गेली. गल्लीतून तिचा आवाज लांब जाताना ऐकू येत होता.

कमलीबाईला शेवटची उलटी झाली होती ती अशीच. दगूबाईने सुनेच्या छातीवर कान ठेवला. आत काळीज चिमणीसारखं फडफडत होतं, पण चालू होतं. आता दोनच गोष्टी करता येत होत्या. पाणी परत बंद करायचं आणि पाचवीची वाट बघायची, किंवा परत द्यायचं. पहिली केली तर कुणी तिला बोल लावणार नव्हतं.

तिने आधी शेगडी उचलून अंगणात नेऊन पालथी केली. खिडकीचं गोणपाट फाडून काढलं. मग चुलीवर मूठभर तांदूळ खूप पाण्यात शिजवले, वरची पातळ पेज निवळून घेतली, मीठ टाकलं, कोमट केली. आणि पळीने पाजायला बसली. एक पळी ओठांत सोडायची, घसा हलतो का बघायचं, थांबायचं. घसा हलला की दुसरी. मध्येच पोरीला उमासा आला की दगूबाई पळी मागे घ्यायची. उमासा विरला की ती परत पळी भरायची. पाळण्यातल्या मुलाला तिने गाईच्या पातळ दुधात भिजवलेला कापसाचा बोळा चोखायला दिला. तो आधी चोखेना. तिने करंगळीने त्याची जीभ दाबली, तेव्हा कुठे लागला.

ऊन कलेपर्यंत ती त्या जागेवरून हलली नाही. पेज संपली, तिने परत केली. हळूहळू रंजनाबाईची बडबड थांबली. तिला झोप लागली की आणखी काही झालं हे दगूबाईला कळेना, म्हणून ती मिनिटामिनिटाला नाकापुढे बोट धरत होती.

दिवेलागणीला रंजनाबाईने डोळे उघडले. "माय, न्हाणीमा जावानं शे."

दगूबाईने तिला जवळजवळ उचलूनच नेलं. धार लागल्याचा आवाज आला तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तशीच रडली.

दूध दोन दिवसांनी आलं. मुलाची टाळू भरली. चुडामण परतला तेव्हा त्याला मुलगा दाखवला, बाकी काही सांगितलं नाही. रंजनाबाई बरी झाली, कामाला लागली, सासूशी पूर्वीसारखी नीट वागली. फक्त तिने स्वतःच्या उशाशी पाण्याचा वेगळा गडू ठेवायला सुरुवात केली, आणि तो दुसऱ्या कुणाला भरू दिला नाही.

गावात बोललं गेलं की दगूबाईचं नशीब बलवत्तर. एवढंच. वैशाखात खालच्या आळीतली मीनाबाई बाळंत झाली आणि धनुबाई तिच्या दाराशी पथारी घालून बसली. दगूबाईला कळलं तेव्हा ती पेजेचं भांडं पदराखाली घेऊन गेली. मीनाबाईच्या सासूने अंगणातच अडवलं.

"तून्ही वहू वाचनी, देवनी कृपा. मन्ही वहूवर परीक्षा नको करू."

"एक डाव माले तिन्हं तोंड देखू दे."

"पाचवी झायी का ये."

दार लागलं. दगूबाई ओट्यावर बसून राहिली. खिडकीला गोणपाट होतं, त्यातून धूर बाहेर येत होता आणि त्या धुराआड कुणीतरी पुटपुटत होतं, रंजनाबाईसारखं विहिरीचं, दोराचं नव्हे, नदीचं काहीतरी. दगूबाईने दारावर थाप मारली. मग दोन्ही हातांनी मारली. गल्लीतली माणसं गोळा झाली, त्यातल्या दोघींनी तिला दंडाला धरून घरी पोचवलं.

पाचवीच्या दिवशी सकाळी मीनाबाईच्या घरून पाण्याचा हंडा मागायला माणूस आला. मीनाबाईला शेवटची अंघोळ घालायची होती.