हजेरीपटावरचं एकच नाव

कार्तिकातल्या सकाळी वाटेवर बुचाची फुलं पडलेली दिसली, की मला अजून खडूचा आवाज ऐकू येतो. मेश्राम सर फळ्यावर वर्तुळ काढीत. हात न उचलता, सावकाश, घड्याळाच्या उलट दिशेनं. खिडकीतून आलेल्या तिरप्या उन्हात पांढरी धूळ तरंगत राही आणि मग त्यांच्या बाहीवर उतरे. ती त्यांनी कधी झटकली नाही.

ते गणितातलं संमिश्र विश्लेषण शिकवीत. नागपूरच्या गिरणीकामगाराचा हा मुलगा पुण्यात येऊन जन्मभर एकाच प्रश्नाशी झुंजत होता: फलनाचा एवढासा तुकडा हाती असला, तर ते सीमेपलीकडे कुठवर नेता येईल? "शितावरून भाताची परीक्षा," ते म्हणत, "माणसांत फसते, इथं नाही फसत." असं म्हणताना त्यांचा एरवीचा संकोची चेहरा समईसारखा उजळे. गुण द्यायला मात्र महाकठोर! फुकटचा अर्धा गुण त्यांच्या हातून कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं.

त्या दिवसांत साऱ्या शहराला संगणकाचं वेड लागलं होतं. कंपन्यांच्या बसगाड्या भरत गेल्या आणि आमचा वर्ग ओसरत गेला. दिवाळीनंतर उरले मी एकटी. मीही गेले असते तर विषयच बंद होणार होता. विभागानं सरांना तसं बजावलं होतं. तरी सर रोज उभं राहून, पट उघडून, माझं पूर्ण नाव पुकारीत. मला हसू फुटे.

"अहो सर, मीच तर आहे!"

"आहात हो. पण हजर आहात काय?"

मग मलाही नोकरी लागली. घरी पेढे वाटले. सरांना सांगणं तेवढं जिवावर आलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता सोमवार उजाडला आणि मी तोंड चुकवून बसमध्ये चढले. भ्याड होते मी, दुसरं काय! त्यानंतर मी त्या इमारतीकडे फिरकलेच नाही.

परवा सर गेल्याचं कळलं, तेव्हा धायरीला त्यांच्या घरी गेले. बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती तेवत होती. काकूंनी कपाटातून तो जुना हजेरीपट काढून माझ्या हाती दिला.

"रिकाम्या वर्गात शिकवून यायचे हो," त्या म्हणाल्या. "'येतील त्या, त्यांची परीक्षा बुडायला नको,' म्हणायचे."

पटावर माझं एकच नाव होतं. मी निघून गेले त्या सोमवारी, आणि पुढे वर्ष संपेपर्यंत प्रत्येक तासाला, सरांनी मला हजर मांडलं होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी केलेली ही एवढीच खोटी नोंद असावी. त्या एका शितावरून मला अख्खा माणूस कळला, आणि मी काकूंसमोरच ढसाढसा रडले.

तो वर्ग सुटून किती वर्षं झाली. त्या पटावर मी अजूनही हजर आहे, आणि नाव पुकारणारं कुणी उरलेलं नाही.