उचललेला भंडारा

योगीराज नावाचा तो माणूस बिरदेवतात्यांच्या बाजेवर येऊन बसला, तेव्हा लिंबाची सावली चुलीपाशी होती. सरकत सरकत ती मेंढरांच्या वाड्याला भिडली, तरी हा उठायचं नाव घेईना. दोनदा चहा झाला, तिसऱ्यांदा पाणी मागून झालं. अंगात निळा शर्ट आणि गळ्यात टाय. वैशाखाच्या उन्हात, ईट गावच्या माळावर, लेंड्यांच्या वासात टाय! मी तिथंच ओळखायला पाहिजे होतं.

मी म्हणजे भागवत. माझं रान तात्यांच्या वस्तीला लागून आहे. ज्वारी-हरभरा निघाला की दरवर्षी तात्यांची मेंढरं माझ्या मोकळ्या रानात बसतात. त्यांच्या लेंड्यामुतानं काळी जमीन जो कस धरते, तो दुकानातल्या पोत्यानं धरत नाही. किती राती मेंढरं बसवायची आणि बदल्यात किती ज्वारी द्यायची, हे आमच्या वडिलांपासून कधी कागदावर आलेलं नाही. तात्यांची बायको म्हाळसाकाकू देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची, म्हणजे देवाच्या हळदीची, वाटी मधे ठेवते. तिनं चिमूट उचलायची, मी चिमूट उचलायची, बोलायचं आणि कपाळाला लावायची. मग त्यात बदल नाही. एका वर्षी अवकाळीनं माझी ज्वारी काळी पडली, तर बोललेली पोती मी बाजारातून विकत आणून दिली होती. भंडारा उचलून फिरलेला माणूस आमच्या माळावर तोवर कुणी बघितलेला नव्हता.

तर योगीराजानं बॅगेतून साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी काढली. वर काळी काच, समोर तांबडा दिवा.

"मावशी, ह्यातनं आवाज निघतो. माणसाला ऐकू येत न्हाय, पण लांडग्याच्या डोक्यात खिळा ठोकल्यावानी होतं. शंभर फुटांत पाय ठेवणार न्हाय तो."

"आन मेंढरांला काय होत न्हाय?" तात्यांनी विचारलं.

"मेंढराचा कान येगळा असतो काका. संशोधन झालंय त्याच्यावर."

"आन कुत्र्याला?"

इथं गडी जरा अडला. आमचा सुलतान, म्हणजे तात्यांचा कुत्रा, त्याच्या बुटापाशीच पाय ताणून पडला होता.

"कुत्र्याला तरास हुतो. म्हणून तर कुत्रं लांब ठेवायचं. कुत्रं जवळ असलं की आवाज फाकतो आन लांडगा आत शिरतो. मशीन असल्यावर कुत्रं कशाला सांभाळायचं काका? रोजच्या दोन भाकरी वाचतील."

तात्या म्हणाले, "न्हाय बाबा, आमाला नको. सुलतान हाय आमचा."

"नको तर नको. जबरदस्ती थोडीच हाय?" असं म्हणून तो बाजेवर आणखीच मागं रेलला. "दोनच नग राहिलेत. उद्यापासून भाव वाढणार. पलीकडं महांतप्पांनी कालच तीन घेतली. उद्या तुमचं कोकरू गेलं तर मला बोल लावू नका, म्हणून सांगायलोय."

महांतप्पाला त्यानं 'बिरदेवतात्यांनी तीन घेतली' म्हणून सांगितलं होतं, हे आम्हाला पुढं कळलं.

माझी जीभ खाजत होती. मागच्या साली असाच एकजण मला वांग्यावर फवारायला जपानी औषध म्हणून बाटली देऊन गेला होता. आत गुळाचं पाणी निघालं आणि सगळ्या शिवारातल्या मुंग्या माझ्या वांग्याला पाहुण्या आल्या. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. मी पुढचाच होतो, ठेचही मलाच लागली होती. म्हणून म्हणालो, "तात्या, ह्या लोकांचं काय खरं नसतंय."

तो चिडला नाही. उलट माझ्याकडं वळून हात जोडले. "भागवतराव शिकलेले दिसतात. तुमीच सांगा भागवतराव, माणसाला ऐकू न येणारा आवाज असतो का न्हाय? विज्ञानात हाय का न्हाय?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. बारावीला दोनदा बसलेला माणूस मी. शिकलेला म्हटल्यावर छाती फुगली. "असतो तसा. विज्ञानात आहे," मी म्हणालो.

जिभेला हाड नसतं ते असं.

म्हाळसाकाकू इतका वेळ कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. ते पांढरं कोकरू तिचं फार लाडकं, आई मेलेलं. गेल्या महिन्यात लांडग्यानं वाड्याची जाळी उचकटली होती. सुलताननं त्याला हाकललं, पण तेव्हापासून तिची झोप उडाली होती. ती उठली, आत गेली आणि भंडाऱ्याची वाटी घेऊन आली.

"मला तुमचं इज्ञान कळत न्हाय," ती म्हणाली. "हे उचल आन सांग. म्हंजे झालं."

मला वाटलं, आता हा बॅग आवरतो. पण त्यानं बूट काढले. वाटीला हात जोडले. चांगली मोठी चिमूट उचलली आणि म्हणाला, "देवाची आण, मावशी. हे मशीन असताना लांडगा तुमच्या वाड्याला शिवला, तर मी खोटा." चिमूट कपाळाला लावली. थोडी सुलतानलाही लावली.

काकूनं कमरेची चंची सोडली. दोन बोकडांचे आलेले पैसे होते, ते तसेच त्याच्या हातावर ठेवले. तात्यांनी तोंड उघडलं, पण काकू म्हणाली, "भंडारा उचललाय त्येनं. आता आपुन बोलायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सुलतानला टेम्पोत घालून येडशीला काकूच्या भावाकडं, मल्हारकडं पाठवलं. टेम्पो वळणाआड जाईस्तोवर ते जनावर आमच्याकडं तोंड करून भुंकत होतं.

सहाव्या दिवशी सकाळी तात्यांच्या ओरडण्यानं मी अंगणात आलो. वस्तीवर गेलो तर जाळी फाटलेली. दोन कोकरं गेली होती, त्यातलं एक काकूचं पांढरं. डबी खांबाला तशीच लटकत होती आणि तिचा तांबडा दिवा ऐटीत लुकलुकत होता.

"तुज्या भंडाऱ्यानं घात केला!" तात्या काकूवर ओरडत होते. "राखणीचं कुत्रं दिलं धाडून आन खांबाला बांदली डबी! गावात तोंड दावाय जागा ठिवली न्हाय!"

"माज्या भंडाऱ्यानं न्हाय," काकू खाली बसून फाटलेली जाळी हातानं जुळवत म्हणाली. "त्येच्या जबानीनं."

माझी पोरगी आरोही कॉलेजला जाते. तिनं डबीचं खोकं उलटंपालटं करून बारीक इंग्रजी अक्षरं वाचली आणि कपाळाला हात लावला. "अप्पा, हे उंदीर आन झुरळं पळवायचं मशीन हाय. घरात लावायचं. लांडग्याचं नावसुद्धा न्हाय ह्याच्यावर."

खोक्यावरच्या नंबरला मी फोन लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग पेटी वाजू लागली. मी एक दाबला, दोन दाबला, नऊ दाबला. शेवटी एक पोरगा बोलला. "सर, मशीन चालू आहे का? दिवा लागतोय का? मग मशीनमध्ये दोष नाही सर." लांडगा आला म्हटलं तर म्हणतो, "सर, तुमच्याकडं उंदीर आले का?" अशी तिडीक गेली डोक्यात, की फोन दगडावर आपटणार होतो. पण फोन माझाच होता.

तात्यांना पैशाचं दुःख होतं. काकूचं दुःख वेगळं होतं, आणि ते कुणाला सांगून कळत नव्हतं. मृग आठ-दहा दिवसांवर आला, तसा मी नेहमीप्रमाणे तिच्याकडं गेलो. "काकू, वाटी आण. मेंढरं बसवायचं बोलून टाकू."

तिनं मान हलवली. "न्हाय भागवता. त्या वाटीवर खोटं बोलणं झालंय. त्यो ते मागं घेत न्हाय तवर म्या वाटी भाईर काडणार न्हाय."

"अगं पण त्यात माझा काय दोष? माझं रान तसंच राहील!"

"ऱ्हाऊ दे. उद्या तू चिमूट उचलशील, आन म्या मनात म्हणीन, हा तरी खरं बोलतोय का? तसं बोलणं मला नको."

"मग कागदावर लिहू."

ती माझ्याकडं अशी बघत राहिली, की मी चप्पल घालून घरी आलो. रोज आभाळ भरून यायचं आणि वारं ते ढकलून न्यायचं. मेंढरं बांधापलीकडं, माझं रान अलीकडं उपाशी. चिडचिड कुणावर करावी तेच समजेना. मल्हारनं सुलतानला परत आणून सोडलं, तर तो दिवसभर वाड्याभोवती वास घेत फिरायचा.

ईटच्या बाजारच्या दिवशी मी बियाणं बघायला गेलो होतो. शेळ्यांच्या बाजाराजवळ, चिंचेखाली, निळा शर्ट दिसला. तोच टाय. समोर टेबल, टेबलावर सात-आठ डब्या, सगळ्यांचे दिवे चालू, आणि भोवती पंधरा-वीस मेंढके. सगळ्यात कहर म्हणजे टेबलावर एक नवीकोरी पितळेची वाटी, भंडाऱ्यानं भरलेली. गड्याला आमच्या माळावर धंद्याची नवीन कळ सापडली होती.

मी गाडीला किक मारली. अर्ध्या तासात तात्या, काकू आणि सुलतान अशी सगळी वरात एका गाडीवर घेऊन परत आलो. काकूनं पदराखाली आपली वाटी धरली होती.

ती सरळ टेबलापुढं जाऊन उभी राहिली. योगीराजानं ओळखलं. चेहरा क्षणभर उतरला, मग गोड झाला.

"या मावशी. काय अडचण असली तर आफिसात येऊन..."

"म्या पैसं मागाय आले न्हाय," काकू म्हणाली.

"न्हाय कसं?" मागून तात्या. "पैसंबी पायजेत!"

"तुमी थांबा वं." तिनं पदराखालची वाटी त्याच्यापुढं धरली. "ह्याच्यावर तू खरं म्हणलास. लांडगा आला. माजी कोकरं गेली. आता ह्याच्यावरच सांग, खोटं बोललो म्हणून. मोट्यानं सांग. तेवडं झालं की म्या चालले."

सुलताननं टेबलाखाली शिरून अंग टाकलं आणि मागच्या पायानं कान खाजवू लागला. डोक्यावर कुत्र्याला त्रास देणाऱ्या सगळ्या डब्यांचे दिवे लुकलुकत होते. एकदोघं हसले.

योगीराजानं घड्याळ बघितलं. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "एवढंच ना? पैसे नकोत ना?" त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. बोलण्याला काय पैसे पडतात! त्यानं काकूच्या वाटीतली चिमूट उचलली, पहिल्यासारखीच, जरासुद्धा न बिचकता.

"घ्या मावशी. देवाची आण, खोटं बोललो होतो. ह्यानं लांडगा पळत न्हाय. झालं समाधान? आता जरा सरका, गिऱ्हाईक खोळंबलंय."

काकू सरकली. तो गर्दीकडं वळला. "हां, तर मी काय सांगत होतो..."

समोर गुरुलिंग नावाचा म्हातारा मेंढका उभा होता. हातात नोटा मोजून तयार. त्यानं त्या नोटा घडी करून परत बंडीच्या खिशात घातल्या.

"अहो बाबा, काय झालं?" योगीराज हसत म्हणाला. "ते म्हातारीचं मन राखायला म्हणलं हो. मजाक केली!"

"भंडारा उचलून मजाक?" गुरुलिंग म्हणाला. "मग मगाशी आमच्याम्होरं उचलून सांगितलास, तीबी मजाकच का?"

योगीराज उगाच एक डबी उचलून परत ठेवू लागला. दोन्ही वेळा त्यानं हळद उचलली होती. समोरच्यांनी मात्र दोन्ही वेळा भंडारा बघितला होता. एकेक माणूस पाठ फिरवून शेळ्यांकडं निघाला. पाच मिनिटांत चिंचेखाली तो, त्याच्या डब्या आणि आमचा सुलतान एवढेच उरले. तात्यांनी पैशासाठी त्याचा टाय धरला, पण त्यानं बॅग कोंबली, गाडी काढली आणि धुरळा उडवत गेला. पितळेची नवी वाटी टेबलावरून पडली आणि रस्त्यावर पिवळी रेघ ओढली गेली. ती कुणी ओलांडली नाही.

घरी येईपर्यंत तात्या बडबडत होते. "पैसं बुडालं ते बुडालंच. नुसत्या सबदावर सोडला त्येला! दोन बोकडं होती माजी!"

काकूनं वाटी धुतली, पुसली, नवीन भंडारा भरला. मग बाहेर येऊन माझ्यापुढं बसली आणि वाटी मधे ठेवली. मला हायसं वाटलं. मी हात पुढं केला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"मेंढरांचं मागनं. आदी दुसरं बोल. त्या दिशी त्येनं तुला इचारलं, आन तू व्हय म्हणलास. तुला म्हाईत होतं का रं?"

माझ्या कानशिलांतून ऊन निघालं. मी चिमूट उचलली.

"न्हाय काकू," मी म्हणालो. "मला म्हाईत न्हवतं. उगं शिकलेला दिसावं म्हणून बोललो."

तिनं मनगट सोडलं आणि वाटी माझ्याकडं थोडी सरकवली.

"आता बोल. किती राती बसवू मेंढरं?"