पाच भारी शब्द

कॉलेजात नवे संचालक आले आणि त्यांच्या पाठोपाठ सूचनाफलकावर इंग्रजी शब्द आले. दर सोमवारी नवे वीस. सिनर्जी, पॅराडाइम शिफ्ट, लो-हँगिंग फ्रूट. उच्च शिक्षणाने आता बिझनेसच्या भाषेत बोललं पाहिजे, असं संचालकांचं म्हणणं. म्हणून कुठलाही कागद वर जायचा तर त्यात फलकावरचे निदान पाच शब्द हवेत. रजिस्ट्रारसाहेब तांबडी पेन्सिल घेऊन बसत आणि शब्द सापडला की खूण करत. पाच खुणा भरल्या की कागद पुढे, चार भरल्या की परत, मग तो गळक्या नळाचा का असेना. ग्रंथपालांनी वाळवीचं औषध मागताना 'डिसरप्शन'सकट पाच शब्द लिहिले आणि त्यांना औषध त्याच दिवशी मिळालं.

अर्थ मात्र कुणी कुणाला विचारायचा नाही. विचारणाऱ्याला येत नाही हे उघड होणार, आणि सांगणाऱ्याला येत नाही हे त्याहून उघड. त्यामुळे मीटिंगमध्ये सगळे नुसते माना डोलवत.

परीक्षा विभागातल्या क्लार्कचं या शब्दांशी काही वाकडं नव्हतं. तिचा जीव अडकला होता तळमजल्यावर, जिन्यामागच्या खोलीत. तिथे कर्मचाऱ्यांच्या मुलांचं पाळणाघर होतं. अकरा मुलं, एक मावशी, आणि त्या अकरांत तिची दोन वर्षांची चिऊ. नवऱ्याची नोकरी फिरतीची, घरी सांभाळायला कुणी नाही. पाळणाघर होतं म्हणून तिची नोकरी होती.

एका मंगळवारी परिपत्रक लागलं. जिन्यामागची खोली 'इनोव्हेशन हब'साठी घेतली जाईल. हरकत असल्यास शुक्रवारच्या आत प्रस्ताव द्यावा.

पहिला अर्ज तिने साधा लिहिला. 'मुलं लहान आहेत. जवळ असली की आमचं कामात लक्ष लागतं.' अर्ध्या तासात तो परत आला, समासात तांबडं शून्य घेऊन.

"काय म्हणाले?" मावशींनी विचारलं.

"त्यात मुद्दा नाही म्हणाले."

"अकरा मुद्दे रांगतायत इथं. त्यातला एक आत्ताच माझ्या मांडीवर ओला झालाय."

मग जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने चिऊला घास भरवत, तिने दुसरा अर्ज लिहिला. पाळणाघराचं झालं 'अर्ली टॅलेंट पाइपलाइन'. खेळणी झाली 'हँड्स-ऑन रिसोर्सेस', रडारड 'रिअल-टाइम फीडबॅक' आणि मावशी 'सीनियर मेंटॉर'. चिऊने खरकटं बोट कागदावर उमटवलं. ते तिने पुसलं नाही.

शुक्रवारी मीटिंगमध्ये संचालकांनी अर्ज दोनदा वाचला. समासात चौदा खुणा होत्या.

"हे आपल्याकडे कधीपासून आहे?"

"नऊ वर्षं झाली, सर."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

सगळ्यांनी माना डोलवल्या. इनोव्हेशन हबची रवानगी सायकल स्टँडच्या मागे झाली. फक्त एक अट पडली: पाइपलाइनचा दर महिन्याला रिपोर्ट हवा. रिपोर्ट अडला तर खोली हबला.

दारावर चकचकीत बोर्ड लागला. मावशी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मी मेंटॉर झाले, म्हणजे आता ढुंगण धुवायचं माफ का गं?"

"नाही, मावशी."

"मग राहू दे बापडा. भिंतीचा डाग तरी झाकला."

महिना भरला. ती रिपोर्ट लिहायला बसली ती मुलांच्या निजायच्या वेळेला, खोलीतच, छोट्या स्टुलावर गुडघे दुमडून. चार शब्द भराभर पडले. पाचव्यासाठी तिने मान वर केली. चिऊ उशीचं टोक गालाखाली घेऊन पडली होती, तोंड अर्धवट उघडं, कपाळावर घामाने बट चिकटलेली. झोपेसाठी 'ऑप्टिमाइज्ड डाउनटाइम' हा शब्द पेनच्या टोकाशी आला होता. तो काही तिच्याने लिहवेना. तिने लिहिलं, 'अकरा मुलं जेवली. अकरा झोपली.' आणि सही ठोकून रिपोर्ट देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रजिस्ट्रारसाहेबांनी बोलावलं.

"बाई, चारच भरतायत. ही शेवटची ओळ फलकावर नाही. याचा अर्थ काय?"

त्या इमारतीत एखाद्या ओळीचा अर्थ विचारला गेला तो पहिल्यांदाच. शब्द बदलून देते म्हणाली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"चला साहेब, दाखवते," ती म्हणाली.

जिन्यामागच्या दारात मावशींनी बोटाने त्यांच्या बुटांकडे खूण केली. साहेबांनी निमूटपणे बूट काढले. खोलीत पंख्याचा आवाज आणि लहान लहान श्वास. ते पेन्सिल हवेत फिरवत मोजू लागले. दहावर थांबले.

"एक कमी आहे," ते कुजबुजले.

मावशींनी टेबलाखाली बोट केलं. तिथे चिऊ टक्क जागी, मांडीवर एक बूट घेऊन बसलेली. बूट साहेबांचाच होता. साहेब वाकले तशी ती बुटासकट आडवी झाली आणि तिने डोळे घट्ट मिटले, इतके घट्ट की नाक वर चढलं.

साहेब तसेच वाकून बराच वेळ बघत राहिले.

"अकरा," शेवटी ते म्हणाले. भिंतीला कागद टेकवून त्यांनी शेवटच्या ओळीपुढे पाचवी खूण केली, आणि तो बूट न मागता, उरलेला एकच घालून, दुसरा पाय मोज्यावर टाकत, जिना चढू लागले.