कौलातलं भोक

ओतूरच्या त्या छोट्या चर्चमध्ये अकरा बाकं होती, दोन पंखे, एक पेटी, भिंतीवर चौदा चित्रं आणि एका कौलात हरभऱ्याएवढं भोक. भोकातून आलेला उन्हाचा गोल भर दुपारी जमिनीवरची पितळी पट्टी ओलांडायचा. ती पट्टी वसईच्या फादर लोपीसांनी स्वतः बसवली होती.

पुढे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर नोकरीला लागल्यावरही, उन्हात तापलेल्या डांबराचा वास आला की प्रज्ञाला तेच चर्च आठवायचं. घरी बुद्धवंदना, इथे ती यायची फादरांकडे गणित शिकायला.

"फादर, गॅलिलिओला तुमच्याच लोकांनी कोंडलं व्हतं ना?" बारावीतल्या प्रज्ञानं एकदा विचारलं.

"हो. मरेपर्यंत घरात कोंडून ठेवला. चूक झाली, हे सहा वर्षांपूर्वी पोपसाहेबांनी कबूल केलं."

"साडेतीनशे वर्षांनी? तुमचं हापिस लई निवांत चालतं, फादर!"

फादर पोट धरून हसले. "पण त्याच लोकांनी ईस्टरची तारीख नेमकी काढायला मोठमोठ्या चर्चच्या छतांना भोकं पाडली आणि सूर्य मोजला. दोन्ही खरं आहे, बाळ."

सतरा मेला सूर्य बरोबर डोक्यावर येणार, हे फादरांनी गणितानं काढलं होतं. भोकातून ओळंबा सोडून त्यांनी पट्टीवर फुलीही कोरली होती; त्या दुपारी गोल नेमका तिच्यावर यायला हवा होता. गेली दोन वर्षं त्या दिवशी आभाळ आलं. यंदा जूनमध्ये त्यांची बदली होती.

सतरा तारखेला, रविवारी, बाराच्या सुमारास प्रार्थना संपली. ऊन लख्ख होतं, पण जमिनीवर गोलच दिसेना.

पावसाआधी कौलांची शाकारणी करणारा सोपान दारात उभा होता. "कालच बुजवलं, फादर. डांबर भरलंय. थेंब गळायचा न्हाई. पैसं नको."

फादरांनी घड्याळ पाहिलं. प्रज्ञानं सगळं सांगितलं, तसं सोपाननं कपाळावर हात मारला. "शाकारणाऱ्याकडूनच भोक पाडून घेता व्हय, राव?" म्हणत तो छत्रीची काडी घेऊन शिडीवर चढला. डांबर उन्हानं मऊच होतं.

जमिनीवर पुरीएवढा गोल उमटला आणि पट्टीकडे सरकू लागला. फादरांनी फूटपट्टी प्रज्ञाच्या हातात दिली.

पट्टीवर आला तेव्हा गोलाचा मध्य फुलीच्या दक्षिणेला दोनच मिलिमीटरवर होता.