न बोलणारं कुलूप

कुलूपवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी अक्षरं शोधत पोरीच्या मांजराचं नाव लिहिलं, पुढे तिची जन्मतारीख जोडली आणि बटण दाबलं. ‘पत्ता सापडला नाही’ असं पडद्यावर आलं. दुपारपासून हेच चाललं होतं. किल्ल्या करून घ्यायला आलेली गिऱ्हाइकं कंटाळून परत गेली.

“बाबा, पुरे आता,” मुलगा म्हणाला. तो नेटवर्कच्या कामातला. दुकानातला कॉम्प्युटर त्यानेच लावून दिलेला.

“पुरे काय? जन्म गेला कुलपं उघडण्यात. हे एवढंसं उघडत नाही म्हणजे काय!”

पोरगी नवऱ्याच्या माराला कंटाळून पळाली होती. तिला आसरा देणाऱ्या संस्थेचं निरोप ठेवायचं पान इंटरनेटवरच्या अशा जाळ्यावर होतं, जिथे कोण कुठून बोलतंय याचा कुणालाच पत्ता लागत नाही. त्या पानाचा पत्ता ती देईल त्यालाच मिळणार, आणि बापाला तिने तो दिला नव्हता.

“अहो बाबा, तो पत्ता तिने ठरवलेला नाही. यंत्राने काढलाय. भलीमोठी अक्षरांची माळ, कशीही. त्यात मांजर नाही नि वाढदिवसही नाही.”

“मग सगळ्या माळा लावून बघू. तुझं यंत्र करेल की भराभर.”

“जगातली सगळी यंत्रं जुंपली तरी संपायचं नाही.”

बापाने टेबलावरचं जुनं कुलूप ओढलं आणि त्यात तार घातली.

“हे बघ. आतली एकेक पिन बसते ना, ती बोटाला कळते. कुलूप बोलतं रे. मी नुसता अंदाज करत नाही, त्याचं ऐकतो.”

“हे बोलत नाही, बाबा. एक अक्षर चुकलं काय, सगळी चुकली काय, उत्तर तेच. जवळ आलोय की लांब, एवढंसुद्धा सांगत नाही.”

बापाचा हात थांबला. तार कुलपातच राहिली.

मागच्या वेळी पोरगी मावशीकडे लपली होती. जावई याच स्टुलावर बसून ढसाढसा रडला, बापाचं काळीज विरघळलं आणि त्याने मावशीचं घर सांगून टाकलं. त्याच संध्याकाळी जावयाने तिला फरफटत नेलं.

“तुम्हाला नाही दिला पत्ता, पण तिचा राग नाही हो तुमच्यावर,” मुलगा हळूच म्हणाला.

“असू दे राग. आज सकाळी तो परत आला होता. म्हणाला, तुमची पोरगी मला पुरती ठाऊक आहे, काढतोच शोधून.” बापाने हात फडक्याला पुसले. “मी तिला बोट धरून चालवलंय. मला ठाऊक आहे त्याच्या निम्मंही त्याला ठाऊक नाही. मला उघडलं नाही, तर त्यालाही उघडायचं नाही ना?”

मुलगा त्याच्याकडे बघतच राहिला.

“नाही, बाबा. त्यालाही नाही.”

“थांब, आणखी एकदाच.”

लहानपणी तिला झोपवताना तो एका नावाने हाक मारायचा. घरात दुसऱ्या कुणाला ते माहीत नव्हतं. त्याने ते एकेक अक्षर शोधत लिहिलं आणि डोळे मिटून बटण दाबलं.

“काय आलं रे?”

“सापडला नाही.”

“बरं झालं,” बाप म्हणाला, आणि फडकं तोंडाला लावून रडू लागला.