चार टेबलं आणि एक कोंबडा

पाट्या रंगवण्यात माझी उमर गेली. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तरांच्या मेहरबानीनं. पुढं ब्रश सुटला नि कॉम्प्युटर गळ्यात पडला. तो धापा टाकायचा म्हणून लेकीनं त्यातलं विंडोज काढून हलकंफुलकं लिनक्स घातलं आणि दोन स्क्रीन जोडले. एक माझ्यापुढं, दुसरा गिऱ्हाइकाकडं तोंड करून.

"बाबा, ह्याला वर्कस्पेस म्हणतात. समजा, चार टेबलं. कंट्रोल, ऑल्ट नि बाण दाबला की दुसरं टेबल. फक्त एक ध्यानात ठेवा, पलीकडचा स्क्रीन..."

"कळलं गं!"

अर्ध्यातच कळायची आमच्या घराण्याची जुनी खोड.

तर पहिल्या टेबलावर गिऱ्हाइकाचं काम आणि चौथ्यावर भानगड. भानगड म्हणजे साडूचा कोंबडा. साडूही पाट्याच करतो. मी त्याची चित्रं चोरतो म्हणून दोन वर्षं अबोला धरलेला. त्यापायी सख्ख्या बहिणींचं येणं-जाणं बंद. शेवटी बायकोनं बहिणीला गळ घातली. साडू तिला घेऊन उद्या येणार होता.

"नीट बोला," बायकोनं बजावलं. "ह्या वेळी फिसकटलं तर मी तुमच्याशीही बोलायची नाही."

साडू आजच आला.

त्याच्या अंडीवाल्याच्या पाटीचा फोटो काढून मी कोंबडा गिरवत होतो. लांबून कसा दिसतो बघायला तो नुकताच पलीकडच्या स्क्रीनवर ढकललेला. दारात साडू दिसला तसा मी बाण दाबला. कोंबडा गिरवायची सगळी हत्यारं गायब, समोर गरीब बिचारी शिंप्याची पाटी. धन्य ती लेक!

साडू गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. बायकोनं चहा दिला.

"साडू," मी छातीवर हात ठेवला, "आईशप्पथ, तुमच्या चित्राला बोट लावलं असेल तर हात झडो."

"बरं."

"चोरी आपल्या रक्तातच नाही."

"दिसतंय ना," साडू म्हणाला. नजर स्क्रीनवर. माझ्या नव्हे, त्याच्यापुढच्या.

बायको त्याच्यामागं जाऊन उभी राहिली नि पदर तोंडाला लावला. तेव्हा लेकीचं अर्धं वाक्य मला पूर्ण कळलं. टेबलं बदलतात ती माझ्या स्क्रीनवर. पलीकडचा जागचा हलत नाही. मी शपथा घेत होतो आणि कोंबडा साडूपुढं मान वर करून उभा होता.

साडूनं चहा संपवला. बशी सावकाश खाली ठेवली.

"माझा कोंबडा लंगडा दिसायचा. अंडीवाला वर्षभर टोमणे मारतोय. हा पाय तुम्ही सरळ केलात?"

"...केला."

"मग तो द्या मला. पाटी बदलून टाकतो."

बायकोनं विचारलं, "आणि ताई?"

"येईल की. उद्याचं ठरलंय ना?" साडू उठला, स्क्रीनच्या कोपऱ्यात वाकून बघितलं. "खाली रंगवणाऱ्याचा नंबरही माझाच ठेवलाय. बरं केलंत, तेवढंच काम वाचलं."